चाफ्याचं पाणी

मानसशास्त्र विभागाच्या दाराशी जो निळा फलक आहे, त्यावरचं मोठ्या अक्षरांतलं वाक्य विभागप्रमुख दिनानाथ सावे यांना सुचलेलं आहे. ‘मनाला वाचा, समाजाला दिशा.’ सावेसरांना अशी वाक्यं आंघोळ करताना सुचतात, असं ते स्वतःच सांगतात. पण वाक्याखाली काय लिहायचं ते त्यांना कधीच सुचत नाही. मग ते काम संपदा शेलारकडे येतं. फलकावरची पाच उद्दिष्टं तिनेच लिहिली आहेत.

आणि मनापासून लिहिली आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर असल्या फलकांवरचा मजकूर कसा तयार होतो ते आपल्याला माहीत आहे. या कॉलेजचं उचलायचं, त्या विद्यापीठाचं चिकटवायचं. संपदाने तसं केलं नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या मनाकडे बघता यावं हे पहिलं उद्दिष्ट, शास्त्रीय विचार हे दुसरं, विभागाचं ज्ञान परिसरातल्या लोकांपर्यंत नेणं हे तिसरं. चौथं होतं, समोरच्या माणसाची प्रतिष्ठा आणि त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपणं. पाचवं सरांच्या आग्रहाखातर रोजगाराचं. चौथं लिहिताना तिने तीन-चार वेळा खाडाखोड केली होती, कारण ते तिला सर्वांत महत्त्वाचं वाटत होतं.

संपदा मूळची कराडची. लग्नानंतर वसईत आली, गोखिवऱ्याला फ्लॅट घेतला, आणि इतकी वर्षं राहूनही तिची वसई म्हणजे गोखिवरे ते कॉलेज एवढीच होती. पश्चिमेकडच्या वाड्या, केळी, पानवेली, फुलं हे सगळं तिला आवडायचं, पण लांबून. तिकडची मुलं वर्गात घरच्या बोलीत काही बोलली की ती कौतुकाने हसायची. कळायचं मात्र अर्धंच.

तिसऱ्या उद्दिष्टाचं घोडं सुरुवातीपासून अडलेलं होतं. लोकांपर्यंत जायचं म्हणून ग्रंथालयामागे एक ‘संवाद कक्ष’ उघडला. पडदे लावले, दोन वेताच्या खुर्च्या ठेवल्या. परिसरातलं कुणी फिरकलं नाही. विद्यार्थी यायचे ते मोबाइल चार्जिंगला लावायला. सावेसर म्हणायचे, “येतील हो, वेळ लागतो,” आणि पंखा बंद करून जायचे.

मग हेमाली आली. तिसऱ्या वर्षाची मुलगी, राजोडीच्या बाजूला त्यांची चाफ्याची वाडी. अभ्यासात बरी, वर्गात मागे बसणारी. तास संपल्यावर ती रेंगाळली आणि पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, “मॅडम, माझ्या आईबद्दल विचारायचं होतं. ती बाळांना हात लावत नाही.”

“म्हणजे?”

“कुणी बाळ घेऊन आलं की हात पदरात घेते आणि मागच्या वाडीत निघून जाते. कामं सगळी करते. फुलं काढते, भाकऱ्या करते. फक्त बाळ नाही. पप्पा म्हणतात, लक्ष देऊ नको.”

थोडं थोडं करून कळलं ते असं. हेमालीची आई मालन, घरातली मोठी सून. धाकटी जाऊ अक्षया. दोघी एकाच अंगणात दोन चुलींवर राहणाऱ्या, पण दोघींत कधी भांडण नाही. अक्षयाला पहिली मुलगी झाली. बारशाच्या सकाळी बाळाला पाणी घालायचा, म्हणजे न्हाऊ घालायचा, मान घरातल्या मोठ्या सुनेचा. मालनने पाणी घातलं. आठवडा झाला नाही तोच बाळ छाती भरून गेलं. मालनला कुणी शब्दानेही बोललं नाही. तेव्हापासून तिचे हात पदरात.

संपदाला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. इतके दिवस रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेल्या माणसाला कुणी तरी सापडलं होतं. तिने हेमालीला सांगितलं, “आईला घेऊन ये. काही विचारणार नाही, नुसतं बसू.”

मालन आली ती कॉलेजला फुलं द्यायच्या निमित्ताने. चाफ्याची पुडी टेबलावर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. पहिल्या काही भेटींत ती फक्त वाडीबद्दल बोलली. यंदा कळी उशिरा आली, विहिरीला पाणी मचूळ लागतं, मजूर मिळत नाहीत. संपदाने तिला बोलू दिलं. हे तिला छान जमायचं. माणूस आडवळणाने येतो आणि त्याला आडवळणाने येऊ द्यावं लागतं, हे ती वर्गात दर वर्षी शिकवायची.

आणि एका दुपारी, पडद्याकडे बघत, मालन बोलली.

“मना ताप होता त्या दिवशी.”

संपदाने हातातलं पेन खाली ठेवलं.

“आदल्या दिवसापासून अंग तापलेलं. खोकला पन होता. मी कोनाला बोलले नाय. बोलले असते तं पानी दुसरीने घातलं असतं नं. मोठी सून मी. आमच्या घरचं पानी, त्यात चाफ्याचं फूल टाकतात, ते मीच घालायचं. हौस होती मना. मी गोळी घेतली, पदर तोंडाला बांधला नि घातलं पानी.” तिने हात पदरात घेतले. “तिला मीच दिलं ते दुखनं. अक्षयाला माहीत नाय.”

हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, लेकीला नाही, देवासमोरही मोठ्याने नाही.  संपदा पुढे झुकून म्हणाली, “मालनताई, हे या खोलीच्या बाहेर जाणार नाही. कधी तरी तुम्ही स्वतः अक्षयाला सांगाल. पण तुम्हाला वाटेल तेव्हा, तुम्हाला वाटेल तसं. तो निर्णय तुमचा.”

मालनने मान हलवली. त्या दिवशी जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, “हलकं वाटलं, मॅडम.” संपदाचे पाय दिवसभर जमिनीवर नव्हते.

घाई करायची एक वेळही येऊन ठेपली होती. अक्षयाला पुन्हा दिवस गेले होते. दुसरं बाळंतपण सासरीच होणार होतं आणि तिने आत्तापासून सांगून ठेवलं होतं की बारशाचं पाणी मोठ्या वहिनीच घालतील, दुसरं कुणी नाही. हे ऐकल्यापासून मालनची झोप उडाली होती. मग दोघींनी मिळून बेत ठरवला. आधी घंगाळात नुसतं कोमट पाणी घेऊन हात बुडवायचे. मग शेजारच्या ॲनीच्या नातवाला लांबून खेळवायचं. मग त्याचे पाय धुवायचे. शेवटी, बाळ यायच्या आधी, अक्षयाजवळ बसून ते सांगायचं. मालन एकेक पायरी चढत गेली. ज्या दिवशी तिने ॲनीच्या नातवाचे पाय धुतले, त्या दिवशी हेमालीने वर्ग सुरू असतानाच संपदाला मेसेज केला, आणि संपदाने वर्ग सुरू असतानाच तो वाचला. आता एकच पायरी उरली होती.

एवढ्यात कॉलेजला मूल्यांकन समितीची तारीख आली.

समिती येणार म्हणजे काय होतं, ते कॉलेजात नोकरी केलेल्याला सांगायला नको आणि न केलेल्याला सांगून पटणार नाही. कुंड्या येतात. स्वच्छतागृहांना दारं लागतात. ज्यांनी वर्षभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही ती माणसं एकमेकांना ‘सहकारी’ म्हणायला लागतात. सावेसरांनी विभागाची बैठक बोलावली, बैठक म्हणजे ते, संपदा आणि तासिकेवर शिकवणारी लतिका, आणि फलकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “शेलार मॅडम, तिसऱ्या उद्दिष्टाचा पुरावा काय?”

“संवाद कक्ष आहे ना, सर.”

“कक्ष म्हणजे खोली झाली. समिती विचारणार, त्या खोलीने कुणाचं काय भलं केलं? एक केस मांडा. मोठं पोस्टर करा. नाव वगैरे घालू नका अर्थातच.”

संपदाने आढेवेढे घेतले. सर म्हणाले, संमती घ्या. तिने मालनला विचारलं, नीट विचारलं, असं तिला तेव्हा वाटलं. नाव येणार नाही, गाव येणार नाही, मुलांना शिकवायला उपयोग होईल, नको असेल तर नाही म्हणा. मालन म्हणाली, “तुमाला योग्य वाटंल तसं करा, मॅडम,” आणि सही केली. आता या बायका मास्तरणीला नाही म्हणतात कधी? ज्या बाईने हलकं वाटावं म्हणून इतकं केलं, तिने कागद पुढे केला तर सही करायची, एवढंच मालनला ठाऊक होतं. मनाचा अभ्यास करणाऱ्या संपदाला हे दिसलं नाही, कारण त्या दिवशी तिला सही हवी होती.

पोस्टर तिने रविवारचा दिवस घालवून लिहिलं. नाव काढलं, वय बदललं, गाव ‘वसई परिसर’ केलं, जावेऐवजी ‘नात्यातील स्त्री’ लिहिलं. पण बाईंचे शब्द तसेच ठेवायचे, हा शास्त्राचा नियम. म्हणून मधल्या चौकटीत मालनचं बोलणं जसंच्या तसं आलं. ताप, गोळी, पदर, आणि पाण्यात चाफ्याचं फूल. सावेसरांनी वाचलं आणि चाफ्याच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे अजिबात काढू नका. यात वसई आहे.”

संपदालाही तेच वाटलं होतं. बाळाच्या पाण्यात चाफ्याचं फूल टाकणं ही तिकडच्या घरोघरची रीत असणार, असंच ती धरून चालली होती. वाड्या म्हणजे चाफा आणि चाफा म्हणजे वाड्या. ती रीत फक्त त्या एका घरची होती. हेमालीच्या पणजोबांनी वाडीत पहिलं चाफ्याचं झाड लावलं, त्याच साली घरात नातू झाला, आणि त्यांनी हौसेने पहिलं फूल त्याच्या पाण्यात टाकलं. तेव्हापासून ते घर ‘चाफ्याच्या पाण्याचं’ म्हणून साऱ्या पंचक्रोशीत ओळखलं जायचं. सरांचं घरदार सगळं विरारच्या इमारतींत, त्यांना हे कुठून कळणार? संपदाने कुणाला विचारलं नाही. हेमालीला दाखवलं असतं तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं, पण आईची गुपितं लेकीला कशी दाखवायची, म्हणून संपदाने तिला पोस्टरपासून मुद्दाम दूर ठेवलं. चौथं उद्दिष्ट पाळायला गेली आणि तिथेच चुकली.

समितीसमोर परिसरातल्या स्त्रिया हव्या होत्या. त्यासाठी वालीवच्या एका कारखान्यातल्या कामगार बायका ठरल्या होत्या. आदल्या दिवशी कारखान्याने कळवलं, ऑर्डर निघायची आहे, बायका सोडता येणार नाहीत. सावेसरांनी संपदाला काही न विचारता हेमालीला फोन लावला. “तुझ्या गावातला बचत गट आहे ना? सगळ्यांना घेऊन ये. टेम्पो आम्ही पाठवतो. नाश्ता आहे.”

सकाळी संपदा दारात रांगोळीजवळ उभी होती, तेव्हा टेम्पोतून बायका उतरताना दिसल्या. ठेवणीतल्या साड्या, केसांत गजरे. त्यांच्यात मालन होती. गर्दीत यायला घाबरणारी मालन स्वतःच्या पायांनी आली होती, आणि पोट सांभाळत उतरणाऱ्या अक्षयाला तिने चक्क हाताला धरलं होतं. संपदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. हे बघा माझं तिसरं उद्दिष्ट, असं तिला कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

मग तिला पोस्टर आठवलं.

 ती स्वतःची समजूत घालत सभागृहाकडे धावली. नाव नाही, गाव नाही, कुणाला कळणार? पण अक्षयाला बारशाची सकाळ आठवणार नाही का? ते काढलेलंच बरं. पोस्टरसमोर समितीतले एक गृहस्थ हात मागे बांधून उभे होते, आणि सावेसर त्यांना काही समजावत होते. तिने सरांना बाजूला घेतलं. “सर, हे पोस्टर काढायला हवं. त्या बाई आल्यात. त्यांची जाऊही आलीय.”

“नाव आहे का त्यावर?”

“नाही, पण…”

“मग? अहो, साहेबांना सर्वांत हेच आवडलंय. आता काढलं तर काय सांगू? चला, तुमचं सादरीकरण आहे.” आणि त्यांनी तिला खांद्याला धरून नाही, पण जवळजवळ तसंच, मंचाकडे नेलं. माइक सुरू झाला. समोर समिती बसली. संपदाने लतिकाकडे बघून डोळ्यांनी भिंत दाखवली. लतिकाला वाटलं, पोस्टर तिरकं झालंय. ती गेली, सरळ करून आली, आणि लांबून अंगठा दाखवला.

संपदा बोलू लागली. विभागाची स्थापना, विभागाचं ध्येय. तिचं सगळं पाठ होतं म्हणून तोंड चालत राहिलं. डोळे भिंतीवर होते. बायका हातात नाश्त्याच्या पुड्या घेऊन एकेक पोस्टर बघत सरकत होत्या. बहुतेकजणी चित्रं बघून पुढे जात होत्या. अक्षया मात्र वाचणारी होती. दहावीपर्यंत शिकलेली, आलेला कागद पूर्ण वाचणारी. ती त्या पोस्टरपाशी थांबली. एक हात पोटावर, दुसऱ्या हाताचं बोट ओळीखालून सरकवत तिने वाचायला सुरुवात केली.

मंचावरून पहिलं उद्दिष्ट सांगून झालं. दुसरं झालं. बोट मधल्या चौकटीत आलं आणि थांबलं. पुन्हा चौकटीच्या वर गेलं, पुन्हा खाली आलं. बाजूची एक म्हातारी डोकावली, तिने अक्षयाला वाचून दाखवायला सांगितलं असावं. अक्षयाचं बोट तिथून हललं नाही. तेव्हा दुसऱ्या एका बाईने मोठ्याने वाचलं, आणि सभागृहातल्या तेवढ्या कोपऱ्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा सरळ आवाजात ती म्हणाली, “चाफ्याचं पानी तं तुमच्याकडंच घालतात नं गो?”

ती बाई वाईट नव्हती. तिला ते ओळखीचं दिसलं म्हणून आनंदच झाला होता. आपल्या गावाचं काही तरी कॉलेजच्या भिंतीवर लागलं, एवढंच तिच्या मनात. वाक्य तोंडातून गेल्यावर तिला बाकीचं कळलं, आणि तिने हात तोंडावर नेला.

अक्षयाने वळून पाहिलं. मालन खिडकीपाशी चहाचा कप घेऊन उभी होती. तिला वाचता येत होतं, पण तिने पोस्टर वाचलंच नव्हतं; तिने जावेचा चेहरा वाचला. कप खिडकीत ठेवला. दोन्ही हात पदराखाली गेले.

“आणि चौथं,” संपदा माइकमध्ये म्हणाली, “व्यक्तीची प्रतिष्ठा आणि तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट जपणं.” तिचा स्वतःचा आवाज तिला स्पीकरमधून ऐकू येत होता. थांबावं, माइक टाकून खाली धावत जावं, असं तिला वाटत होतं. ती थांबली नाही. खाली जाऊन काय करणार होती? वाचलेलं कुणाचं कुणी पुसून काढू शकत नाही. तिने पाचवं उद्दिष्ट सांगितलं, आभार मानले, टाळ्या झाल्या. ती खाली उतरली तेव्हा टेम्पो फाटकाबाहेर गेला होता.

संध्याकाळी समितीने विभागाचं कौतुक केलं. पोस्टरचा खास उल्लेख झाला. सावेसरांनी पेढे वाटले. संपदाने ते पोस्टर भिंतीवरून उतरवलं, गुंडाळलं, कपाटात टाकलं. पण त्याचा फोटो तोवर कॉलेजच्या संकेतस्थळावर गेला होता. तो काढा म्हणून तिने सरांच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. सर म्हणाले, बघू, आणि बघितलं नाही.

ती मालनच्या घरी गेली. राजोडीच्या वळणावर उतरून, वाट विचारत, पहिल्यांदाच. मालनने खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं, चहा केला, बशीत केळ्याचे वेफर्स ठेवले. पाहुण्यासारखी बडदास्त. संपदाला ती बडदास्त सोसवेना. “मालनताई, माझी चूक झाली. मी तुम्हाला शब्द दिला होता.”

“तुमची काय चूक, मॅडम? सही मीच केली नं.”

“तुम्ही रागवा माझ्यावर. बोला काही तरी.”

“चहा घ्या. निवंल.”

एवढंच. संपदाने आडवळणाने वाडीचा विषय काढला. मालन हसून म्हणाली, कळी बरी आहे. तिने गप्प राहून पाहिलं. मालनही गप्प राहिली, आणि ती गप्प राहण्यात संपदापेक्षा तयार होती. जेवढं म्हणून शिकली होती तेवढं सगळं संपदाने त्या ओसरीवर वापरून पाहिलं. एकाचाही उपयोग झाला नाही. ज्या तोंडाला तिने वाचा दिली होती, त्याला आता कायमचं कुलूप लागलं होतं आणि लावणारीही तीच.

निघताना अंगणात अक्षया दिसली. पाटावर बसून फुलं निवडत होती. संपदा तिच्यासमोर उभी राहिली. अक्षयानेच वर पाहिलं.

“मॅडम, एक सांगू? डॉक्टरने मना तेव्हाच सांगितलेलं, बाळाच्या छातीत जन्मापासनंच दोष होता. ते जगनार नव्हतं. आम्ही घरात कोनाला बोललो नाय, म्हातारी माणसं खचतील म्हनून. वहिनी मना येऊन बोलली असती नं, ताप होता म्हनून, तं मी तिला तेव्हाच सांगितलं असतं. दोघी रडलो असतो नि झालं असतं.”

संपदा चटकन म्हणाली, “मग सांगा ना आता! आत्ता जाऊन सांगा.”

“सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं, टेम्पोत.” अक्षयाने निवडलेली फुलं टोपलीत टाकली. “तिला वाटतं, मी लोकांसाठी बोलते. सगळ्यांनी ऐकलं म्हनून तिला सांभाळून घेते. डॉक्टरचा कागद पन दाखवला. ती बोलली, तू लय चांगली हाय गो. आता मी काय पन बोलले तरी तिला ती माझी समजूत वाटते.”

संपदाने टोपलीबाहेर पडलेलं एक फूल उचलून आत ठेवलं. 

अक्षयाला मुलगा झाला. बारशाचं आमंत्रण हेमालीने दिलं, खाली बघत. “काकीने सांगितलंय, मॅडमना नक्की बोलव. ती म्हणते, मॅडम असल्या तर आई कदाचित ऐकेल.” संपदा रजा टाकून सकाळीच पोचली.

मागच्या पडवीत सगळी तयारी होती. मालनने स्वतः चुलीवर पाणी तापवलं होतं, घंगाळात ओतलं होतं, त्यात चाफ्याचं फूल टाकलं होतं. घंगाळ उंबऱ्यापर्यंत आणून तिने खाली ठेवलं आणि मागे सरकली. अक्षया पाटावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. अक्षयाची आई, हेमाली, ॲनी आणि शेजारच्या दोघी बाजूला उभ्या होत्या. कुणी घाई केली नाही. एकही बाई वाईट बोलली नाही, हे संपदाने नीट पाहिलं. साऱ्यांना मालननेच पाणी घालावंसं वाटत होतं.

“वहिनी, या,” अक्षया म्हणाली.

मालनचे हात पदरात.

“या नं. निवतंय पानी.”

मालन आत गेली, गरम पाणी आणून घंगाळात ओतलं, हेमालीला म्हणाली, “कोपर बुडवून बघ,” आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली. ते पाणीही निवायला लागलं. अक्षयाने मग संपदाकडे पाहिलं. “मॅडम, तुमी बोला नं तिला काय तरी.”

सगळ्यांचे डोळे संपदाकडे वळले. ती एक पाऊल पुढे आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मालनने तिच्याकडे सरळ बघितलं. त्या नजरेत राग असता तर संपदाने तो आनंदाने घेतला असता. मालनने जावेकडे झुकून, हळूच, पण संपदाला ऐकू येईल इतक्या आवाजात सांगितलं, “मॅडमसमोर नको गो. त्या लिवतात.”

संपदा मागे सरकली. “मी जाते,” असं म्हणाली की नुसतं मनात म्हणाली, ते तिलाही कळलं नाही. हेमाली दोन पावलं मागे आली आणि थांबली. पडवीतून अंगण, अंगणातून फाटक, फाटकातून रस्ता. चालता चालता तिला एकच गोष्ट हवी होती. आपण गेलो, आता तरी मालनने हात बाहेर काढावेत. तेवढ्यासाठी ती पुन्हा कधी या वाटेला फिरकली नसती.

कुंपणाच्या वळणावर असताना मागे पाण्याचा आवाज आला. तांब्याने ओतलेलं पाणी, आणि लगेच बाळाचं रडणं, चांगलं खणखणीत. संपदाचे पाय थांबले. तिने घाईने कुंपणातून आत पाहिलं.

मागच्या दाराबाहेर, चाफ्याच्या झाडाखाली, मालन एकटी उभी होती. दोन्ही हात पदरात होते. आत कुणी तरी दुसरीच बाई बाळाला पाणी घालत होती.